मुक्त व्यवसायी व्यंगचित्रकार : उपजीविकेच्या अटी आणि रेषेचे काव्यशास्त्र

१

व्यंगचित्रकाराला उद्देशून झालेल्या मार्गदर्शनपर लेखनाची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे. फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज पुराणवस्तूसंशोधकाने १७८८ मध्ये अर्कचित्रे काढण्याचे नियम सांगणारी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. नाक, हनुवटी, कपाळ यांचे प्रकार पाडून सर्वसाधारण प्रमाणापासून त्यांना किती व कसे हलवावे, याचे विवेचन तीत आहे. अतिशयोक्ती मर्यादेपलीकडे गेली की चित्र हास्यास्पद न होता भेसूर होते, असा इशाराही ग्रोस देतो. पुढे १८४५ मध्ये जिनीव्हाच्या रोडोल्फ टॉपफर याने मुखचर्येवरील आपल्या निबंधात याहून धाडसी विचार मांडला. समोर माणूस बसवण्याची गरज नाही. कागदावर चेहऱ्यासारखे काहीही गिरवावे, त्यात फेरफार करीत जावे आणि प्रत्येक फेरफारातून कोणता स्वभाव उमटतो ते पाहावे, असे त्याचे म्हणणे. ई. एच. गोम्ब्रिख यांनी १९६० च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ या ग्रंथात याच निरीक्षणाला ‘टॉपफरचा नियम’ असे नाव देऊन कलामीमांसेत प्रतिष्ठा मिळवून दिली.

या लेखनाला समांतर असा सल्ल्याचा दुसरा एक प्रवाह आहे. तो बव्हंशी मौखिक आहे. संपादकांच्या कचेऱ्यांत, छापखान्यांत, व्यंगचित्रकारांच्या संमेलनांत आणि कार्यशाळांत तो ज्येष्ठांकडून नवोदितांकडे जातो. मानधन आधी ठरवून घ्यावे. कच्चे रेखाटन संमत झाल्याखेरीज पक्के चित्र करू नये. मूळ चित्र हातचे सोडू नये. एकाच नियतकालिकावर विसंबू नये. नोकरी सोडण्यापूर्वी वर्षभराचा विचार करावा, अशी त्याची कलमे असतात. समीक्षेने पहिल्या प्रवाहाला सौंदर्यशास्त्राचा भाग मानले आणि दुसऱ्याला व्यवहाराच्या खात्यात टाकून दिले. नाक किती लांबवावे हा कलेचा प्रश्न, आणि त्या नाकाचे किती पैसे घ्यावे हा पोटापाण्याचा, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी व्यंगचित्राच्या बाबतीत टिकत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. कवितेला ग्राहक नसला तरी ती वहीत राहू शकते. व्यंगचित्र मात्र आरंभापासून मुद्रणाशी, नियतकालिकाशी आणि मागणीशी बांधलेले आहे. ते कोणासाठी, किती अवधीत, कोणत्या जागेत आणि कोणत्या हक्काने काढले गेले, यावर त्याचा विषय, त्याचे पात्र, त्यातील शब्दांचे प्रमाण, एवढेच नव्हे तर त्यातील अतिशयोक्तीची मात्राही अवलंबून असते. म्हणून मुक्त व्यवसायी व्यंगचित्रकाराला दिला जाणारा व्यावहारिक सल्ला हा त्या कलाप्रकाराच्या काव्यशास्त्राचाच दुर्लक्षित अध्याय होय.

२

या दृष्टीने पाहिले असता विल्यम हॉगार्थचे उदाहरण आद्य ठरते. १७३२ मध्ये त्याची ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही उत्कीर्णचित्रमाला प्रसिद्ध झाली आणि तिच्या चोरट्या नकला बाजारात सुळसुळल्या. चित्रे लोकप्रिय झाली, पण लाभाचा वाटा मुद्रणविक्रेत्यांकडे गेला. हॉगार्थने अन्य उत्कीर्णकारांना सोबत घेऊन ब्रिटिश संसदेकडे दाद मागितली. त्यातून १७३५ चा उत्कीर्णचित्रांच्या स्वामित्वाचा कायदा अस्तित्वात आला. चित्राच्या रचनाकाराला प्रकाशनापासून चौदा वर्षे संरक्षण देणारा हा कायदा आजही ‘हॉगार्थचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. तो अमलात येईपर्यंत हॉगार्थने ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या पुढच्या चित्रमालेचे प्रकाशन रोखून धरले होते.

चित्रमालांची विक्री तो आगाऊ वर्गणी घेऊन करीत असे आणि वर्गणीदाराला पावती म्हणून एक छोटे उत्कीर्णचित्र देत असे. ‘मॅरेज आ-ला-मोड’ या मालिकेसाठी १७४३ मध्ये दिलेली पावती म्हणजे ‘कॅरेक्टर्स अँड कॅरिकॅटुराज’ हे सुप्रसिद्ध चित्र. दाटीवाटीने रचलेले शंभराच्या आसपास चेहरे, आणि खाली राफाएलच्या व्यक्तिरेखांशेजारी इटालियन अर्कचित्रकारांचे नमुने. स्वभावदर्शन आणि निव्वळ विडंबन यांतील भेद दाखवून आपले काम पहिल्या वर्गात मोडते, असे हॉगार्थ त्यातून ठासून सांगतो. कलासिद्धान्ताचे एक मूलभूत विधान येथे पैसे मिळाल्याच्या पावतीवर अवतरले आहे. ज्याला आश्रयदाता सरदार नाही आणि पगार देणारा मालकही नाही, अशा कलावंताला आपली कला काय आहे हे ग्राहकालाच समजावून सांगावे लागते. मुक्त व्यवसायातून निर्माण झालेली ही गरजच सिद्धान्ताची जननी ठरली.

३

भारतीय व्यंगचित्राच्या इतिहासात उपजीविकेच्या चार व्यवस्था ठळकपणे दिसतात. प्रत्येकीने आपापला वाङ्मयप्रकार घडवला आहे.

पहिली व्यवस्था वृत्तपत्रातील नोकरीची. आर. के. लक्ष्मण १९४७ मध्ये ‘द टाइम्स ऑफ इंडिया’त दाखल झाले आणि १९५१ पासून त्यांचे ‘यू सेड इट’ हे छोटे चौकटचित्र सुरू झाले. चौकड्यांचा कोट आणि धोतर परिधान केलेला ‘कॉमन मॅन’ ही त्या चौकटीची देणगी. या पात्राचे वैशिष्ट्य त्याच्या मौनात आणि उपस्थितीच्या सातत्यात आहे. एका चित्रात तो केवळ एक गोंधळलेला गृहस्थ असतो. हजारो चित्रांतून तो साक्षी होतो. असे पात्र उभे राहण्यासाठी त्याच पानावरील तीच जागा दशकानुदशके मिळावी लागते. ही जागा नोकरीने मिळाली. ‘कॉमन मॅन’चे दीर्घायुष्य हे लक्ष्मण यांच्या प्रतिभेइतकेच एका स्थिर पदाचेही फलित आहे, याची दखल समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

दुसरी व्यवस्था स्वतःच्या नियतकालिकाची. ‘हिंदुस्तान टाइम्स’मधून बाहेर पडल्यावर केशव शंकर पिळ्ळै यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू केले. आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, ते बंद झाले. मराठीत बाळ ठाकरे यांनी ‘फ्री प्रेस जर्नल’ सोडून १९६० मध्ये बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह ‘मार्मिक’ काढले. त्यापूर्वी १९४५ मध्ये मूळचे गोव्याचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’ सुरू केले होते. मालक आणि चित्रकार एकच झाला की संपादकाचा नकार नाहीसा होतो, परंतु त्याची जागा कागदाचा भाव, जाहिरातदार आणि वितरक घेतात. शिवाय असे नियतकालिक चालकाच्या भूमिकेशी एकरूप होत जाते. ‘मार्मिक’चा प्रवास व्यंगचित्र-साप्ताहिकाकडून राजकीय संघटनेच्या मुखपत्राकडे झाला, हा त्याचा ठळक दाखला होय.

तिसरी व्यवस्था अन्य नोकरीच्या आधाराने केलेल्या मुक्त कामाची. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे पेशाने अभियंता होते आणि एका सिमेंट कंपनीत नोकरी करीत असत. ‘रेषालेखक’ ही संज्ञा ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या सरवट्यांचे घर रेषेवर चालत नव्हते. येथे टॉपफरशी त्यांची तुलना उद्बोधक ठरते. टॉपफर जिनीव्हात मुलांचे निवासी विद्यालय चालवी. त्याच्या चित्रकथा आधी विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी जन्मल्या. गटेने त्यांची वाखाणणी केल्यानंतर त्या छापून आल्या, आणि १८३९ मध्ये पॅरिसच्या ओबेर या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या चोरट्या आवृत्त्या काढल्या. दोघांच्याही बाबतीत भाकरी अन्यत्र मिळत असल्यामुळे बाजाराला रुचेल अशा विनोदाची पुनरावृत्ती करण्याचे बंधन नव्हते. दोघांनीही चित्रासोबत चित्रविचार लिहिला. सरवट्यांची ‘परकी चलन’ आणि ‘व्यंगचित्र : एक संवाद’ ही पुस्तके फावल्या वेळेचा असा उपयोग करणाऱ्या मनाची साक्ष देतात. ‘परकी चलन’ या शीर्षकातच परदेशी व्यंगचित्रांची ओळख आणि अर्थव्यवहार यांचा श्लेष असावा, हाही योगायोग नव्हे.

चौथी व्यवस्था पूर्णवेळ मुक्त व्यवसायाची. शि. द. फडणीस (जन्म १९२५) हे तिचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांची मुखपृष्ठे, पुस्तकांची सजावट, शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांतील चित्रे, १९६५ पासूनचे ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन आणि प्रेक्षकांसमोर चित्रे काढीत सादर केलेला ‘चित्रहास’ हा कार्यक्रम, असा त्यांच्या कामाचा पसारा आहे. एकाच कौशल्याला पाच-सहा वाटांनी उत्पन्न मिळवून देण्याची ही रीत म्हणजे व्यावहारिक सल्ल्यातील ‘एका ग्राहकावर विसंबू नये’ या कलमाचे मूर्तिमंत रूप होय. ‘रेषाटन’ या त्यांच्या आत्मकथनाचे वाचनही या अंगाने व्हावयास हवे.

या व्यवस्थेचा रूपाशी असलेला संबंध अधिक सूक्ष्म आहे. फडणीसांचे गाजलेले चित्र बहुधा शब्दविरहित असते आणि त्यात पुढच्या अंकात पुन्हा भेटणारे पात्र नसते. अनेक ठिकाणी विखुरलेला वाचक लाभलेल्या चित्रकाराला मागच्या चित्राची आठवण गृहीत धरता येत नाही. प्रत्येक चित्राला आपली ओळख स्वतःच करून द्यावी लागते. शब्द गाळले की चित्र मासिकातून भिंतीवर, भिंतीवरून मंचावर आणि मराठीतून अन्य भाषकांकडे सहज जाते. शब्दविरहितता ही फडणीसांची सौंदर्यदृष्टी आहे यात शंका नाही. तीच दृष्टी मुक्त व्यवसायीच्या परिस्थितीला सर्वाधिक अनुकूल होती, हेही तितकेच खरे. लक्ष्मण यांचा मौन पाळणारा माणूस आणि फडणीसांचे मौन पाळणारे चित्र यांतील अंतर हे दोन स्वभावांचे आहे, तसेच दोन व्यवस्थांचेही आहे.

४

मराठी मुक्त व्यंगचित्रकाराच्या संदर्भात दिवाळी अंकाचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून रुजलेल्या या प्रथेने व्यंगचित्राला एक हंगामी बाजारपेठ मिळवून दिली. हंगामी बाजारपेठेचे परिणाम शेतमालावर होतात तसेच चित्रांवरही होतात. आश्विन-कार्तिकात वाचकाच्या हाती पडणारे चित्र पावसाळ्यात काढून द्यावे लागते. तोवर ताजी बातमी शिळी होते. परिणामी दिवाळी अंकातील हास्यचित्र बातमीपासून दूर सरकून कायमच्या विषयांकडे वळले : नवरा-बायको, साहेब-कारकून, दवाखाना, लग्नमंडप, चाळीचा जिना, निर्जन बेटावरचा एकटा माणूस. या विषयांना साचेबद्ध म्हणून नाके मुरडली जातात. परंतु साचा रुचीतून येतो त्याहून अधिक वेळापत्रकातून येतो, हे ध्यानात घेतले तर साच्याच्या आत राहून नवे घडवणाऱ्या चित्रकाराचे श्रेय नेमके मोजता येते.

नवोदिताला दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचाही येथे कस लागतो. हंगामातच सर्व संपादकांची मागणी एकाच वेळी येते. ज्याच्याजवळ कल्पनांची वही वर्षभर भरत आलेली असते, तोच त्या दोन महिन्यांत स्वतःची पुनरावृत्ती टाळू शकतो. कल्पना सुचण्याचा काळ आणि चित्र देण्याचा काळ वेगळे ठेवावेत, हा सल्ला म्हणजे व्यवसायाच्या भाषेत सांगितलेला निर्मितिप्रक्रियेचा सिद्धान्तच होय.

याउलट १९२५ मध्ये सुरू झालेल्या ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाची पद्धत पाहावी. तेथे मुक्त चित्रकार दर आठवड्याला कच्च्या रेखाटनांचा गठ्ठा घेऊन जात. त्यातील बहुतेक नाकारली जात. स्वीकारलेल्या एखाद्याचेच पक्के चित्र होई. प्रारंभीच्या दशकांत तर कल्पना एकाची आणि रेषा दुसऱ्याची, असेही सर्रास घडे. या पद्धतीत कच्चे रेखाटन हे व्यवहाराचे एकक बनले आणि चित्राखालच्या एका ओळीला असाधारण महत्त्व आले, कारण निवड करणाऱ्याचे मन त्या ओळीवरच प्रथम ठरत असे. नकाराची रोकडी सवय असलेल्या या परंपरेत चित्रकार एकाच कल्पनेची दहा रूपे करून पाहतो. मराठी हंगामी पद्धतीत ओळखीच्या चित्रकाराचे चित्र बहुधा पाठवले तसे छापले जाते. पहिल्या पद्धतीत चित्रकाराची झीज होते, दुसरीत त्याच्या कामाची चाळणीच होत नाही. दोन परंपरांतील विनोदाच्या तुलनेत हा संस्थात्मक फरक जमेस धरला नाही, तर तो फरक ‘राष्ट्रीय स्वभावा’च्या माथी मारण्याची चूक घडते.

५

मुक्त व्यंगचित्रकाराच्या उत्पन्नाचे आजचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे मागणीवरून काढलेले अर्कचित्र : निवृत्तीच्या समारंभातील भेट, लग्नाच्या स्वागतकक्षात पाहुण्यांची पाच मिनिटांत काढलेली चित्रे, कंपन्यांचे मेळावे. या कामाकडे व्यंगचित्रकारही काहीशा संकोचाने पाहतात. त्यामागील पेच शब्दांच्या व्युत्पत्तीतूनच उलगडतो. युरोपीय भाषांतील संज्ञा इटालियनमधील ‘लादणे, भार घालणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याच्या काराच्ची बंधूंच्या चित्रशाळेशी तिचा उगम जोडला जातो. मराठी संज्ञा ‘अर्क’ या कल्पनेवर आधारलेली आहे. पहिलीत चेहऱ्यावर काहीतरी बाहेरून चढवले जाते. दुसरीत आतले आटवून काढले जाते. पहिली आक्रमणाची उपमा आहे, दुसरी ऊर्ध्वपातनाची.

संपादकीय अर्कचित्रात तीन पक्ष असतात : ज्याचे चित्र काढले तो, ज्याने पैसे दिले तो आणि जो पाहून हसतो तो. मागणीच्या अर्कचित्रात हे तिन्ही पक्ष बहुधा एकाच व्यक्तीत किंवा एकाच कुटुंबात सामावतात. साहजिकच ‘भार’ किती घालावा याची वाटाघाट चेहऱ्याच्या मालकाशीच होते. सुटलेले पोट, पुढे आलेले दात, टक्कल यांपैकी काय चालेल हे आधी विचारून घ्यावे, असा अनुभवी सल्ला असतो. तो शिष्टाचार म्हणून योग्य आहे. सिद्धान्त म्हणून त्याचा अर्थ असा, की ग्राहकाच्या संमतीने काढलेल्या चित्रात भार घालता येत नाही, अर्क मात्र काढता येतो. ग्रोसचा भेसूरतेविषयीचा इशारा येथे सौंदर्याच्या कक्षेतून कराराच्या कक्षेत येतो. चांगला चित्रकार या मर्यादेत अवयवांवरून सवयींकडे वळतो : चष्मा कपाळावर ठेवण्याची लकब, खुर्चीत बसण्याची ढब, हातातील छत्री. ग्राहकाने घातलेले कुंपण येथे निरीक्षणाला अधिक खोल जाण्यास भाग पाडते.

मराठी वाङ्मयव्यवहारात याचे उंचीवरचे उदाहरण सरवट्यांच्याच कामात सापडते. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने सदर लिहीत. लेखक पडद्याआड होता. या नावाला चेहरामोहरा आणि हातातला हातोडा मिळाला तो सरवट्यांच्या रेषेतून. वाचकाच्या मनातील ठणठणपाळ ही व्यक्तिरेखा दळव्यांच्या शब्दांइतकीच त्या रेखाटनाने घडलेली आहे. ज्या लेखकाला चेहरा नाही त्याचे अर्कचित्र कशाचे असते? ते त्याच्या शैलीचे असते. मागणीवरून केलेले काम सहलेखनाच्या पातळीला पोचते ते असे. आणि एरवी मुक्त कामात दुर्मीळ असलेले पुनरावर्ती पात्र येथे शक्य झाले, कारण मासिकाने दर महिन्याची निश्चित जागा दिली होती.

६

सहलेखनाचा हा मुद्दा मान्य केला की हक्कांचा प्रश्न अपरिहार्य होतो. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ यातील तरतुदी या संदर्भात वाङ्मयाभ्यासकांनीही वाचण्याजोग्या आहेत. कलम १७ नुसार निर्मात्याकडेच प्रथम मालकी असते. मात्र नियतकालिकाच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राचे नियतकालिकांतील प्रकाशनापुरते हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातात. मुक्त चित्रकार नोकर नसल्याने त्याला ही अट लागू होत नाही. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे, की मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा प्रथम मालक, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. अर्कचित्र हे व्यक्तिचित्रच मानले गेल्यास समारंभात काढलेले चित्र पुढे जाहिरातीत वापरले जाताना चित्रकाराला बोलण्यास जागा राहत नाही. दोन ओळींचा लेखी करार या ठिकाणी निर्णायक ठरतो.

कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणून ‘सर्व हक्क’ अशा मोघम शब्दांऐवजी कोणते चित्र, कोणत्या माध्यमासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात, हे लिहून घ्यावे, हा सल्ला कायद्याच्या रचनेतूनच येतो. कलम ५७ हस्तांतरणानंतरही निर्मात्याचे कर्तृत्व आणि प्रतिष्ठेला बाधक विरूपणाविरुद्धची दाद राखून ठेवते. चित्राखालची सही कापून छापणे ही क्षुल्लक बाब नव्हे, हे त्यावरून दिसते. कलम ५३-क मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास, विशिष्ट अटींवर, चित्रकाराला वाटा मागण्याचा हक्क देते. मूळ चित्र हा छपाईनंतर टाकून देण्याचा कागद नव्हे, याची ही कायदेशीर कबुली आहे. ठशांच्या छपाईच्या काळात ब्लॉक तयार झाला की मूळ चित्रे कचेरीतच पडून राहत. मराठी व्यंगचित्रांचे संग्रह व संशोधन आज ज्या कारणांनी अडते, त्यांपैकी हे एक आहे. मूळ चित्र परत मागणारा चित्रकार स्वतःच्या उत्पन्नाबरोबर भावी अभ्यासकाची साधनसामग्रीही राखत असतो.

सहीचाच आणखी एक पैलू केरळच्या अबू अब्राहम (१९२४–२००२) यांच्या उदाहरणात दिसतो. लंडनमध्ये मुक्त चित्रकार म्हणून ‘पंच’, ‘ट्रिब्यून’ अशा पत्रांसाठी काम केल्यावर १९५६ मध्ये ते ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये रुजू झाले. ‘अब्राहम’ या नावावरून वाचक चित्रांना भलताच पूर्वग्रह चिकटवतील, या विचाराने तेथे ‘अबू’ ही सही ठरली. सही ही वैयक्तिक ओळख मानली जाते. येथे ती चित्रकार, संपादक आणि वाचक यांच्यातील तडजोड आहे. रेषेखालचे नावसुद्धा व्यवसायाच्या अटींत घडते.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. उपजीविकेच्या अटींना एवढे महत्त्व दिल्यास व्यंगचित्राचे नैतिक धैर्य, जे त्याचे मुख्य बळ, ते दुय्यम ठरत नाही काय? ओनोरे दोमिएचे चरित्र या आक्षेपाला उत्तर देते. ‘गार्गांतुआ’ या चित्रात राजा लुई-फिलिप याला खादाड राक्षसाच्या रूपात दाखवल्याबद्दल त्याला १८३२ मध्ये तुरुंगवास झाला. १८३५ च्या कायद्यांनी चित्रांवर पूर्वपरीक्षण लादले, तेव्हा त्याची रेषा राजकारणाकडून समाजाच्या चालीरीतींकडे वळली आणि रोबेर माकेर हा लबाड धंदेवाईक अजरामर झाला. १८६० मध्ये ‘ल शारिव्हारी’ने त्याचे काम थांबवले आणि काही वर्षे त्याला त्या उत्पन्नावाचून काढावी लागली. धैर्य, कायदा आणि मिळकत हे तीन धागे त्याच्या कामात वेगळे काढता येत नाहीत.

भारतातील नजीकचे उदाहरण असीम त्रिवेदी यांचे. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्यांना व्यंगचित्रांवरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे तो आरोप मागे घेण्यात आला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाच्या वापराबाबत निर्णय दिला. चित्रांच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. परंतु वृत्तपत्रातील चित्रकाराच्या मागे संपादक, विधी-सल्लागार आणि संस्थेचे नाव उभे असते, तर मुक्त चित्रकाराच्या मागे कोणी नसते, ही गोष्ट त्या प्रसंगाने अधोरेखित केली. मुक्त व्यवसायातील ‘मुक्त’ या शब्दाला ही दुसरी बाजू आहे : त्यात बंधनापासून मोकळीक आहे, तशी आधारापासूनही आहे. म्हणूनच व्यंगचित्रकारांचे संघटन, सामायिक विधी-साहाय्य आणि किमान मानधनाचे संकेत हे विषय अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत यावयास हवेत.

८

हॉगार्थची पावती, टॉपफरची शाळा, लक्ष्मण यांची चौकट, सरवट्यांची नोकरी, फडणीसांची प्रदर्शने आणि दिवाळी अंकांचा हंगाम यांना चित्राच्या बाहेरची माहिती समजून चरित्राच्या पानांत सोडून देता येणार नाही. एखादे पात्र पुनःपुन्हा का येते, एखाद्या चित्रात शब्द का नाहीत, एखादा विषय शिळा न होणारा का असतो, या रूपविषयक प्रश्नांची उत्तरे तेथपर्यंत जातात.

संगणकीय प्रतिमानिर्मितीमुळे आज साधर्म्य असलेला चेहरा क्षणार्धात आणि जवळजवळ विनामूल्य मिळू लागला आहे. अशा वेळी मुक्त व्यंगचित्रकाराजवळ विकण्याजोगे काय उरते, हा प्रश्न त्याला धंद्याचा वाटेल आणि समीक्षकाला कलेचा. वस्तुतः तो एकच प्रश्न आहे. चेहरा हुबेहूब आणणे यंत्राला साधते. त्यातील काय टाळावे, काय आटवावे, आणि ते करताना कोणाची मर्जी राखावी व कोणाची मोडावी, हा निर्णय माणसाने आपल्या जबाबदारीवर घ्यावयाचा असतो. नवोदिताला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात शेवटी हमखास येणारे एक वाक्य असते : कोणते काम नाकारायचे हे आधी ठरवून ठेवावे. नाकारण्याची ऐपत ही पैशातून, करारातून आणि सोबतीच्या बळातून येते. आणि रेषेत जे तेज दिसते ते पुष्कळदा या ऐपतीचेच असते. व्यंगचित्राच्या तौलनिक अभ्यासाने ती ऐपत मोजण्याची साधने आपल्या हाती घ्यावयास हवीत.